साइडकार: फाइलीच्या शेजारची फाइल

साइडकार म्हटलं की 'शोले'मधली जय-वीरूची मोटरसायकल आठवते ना? बाजूला जोडलेली, एका चाकाची बैठक. गाडी जाईल तिकडे तीही जाते. संशोधनातली साइडकार फाइल अशीच असते. मेंदूच्या एमआरआय डेटासाठी 'बिड्स' नावाची मांडणी वापरतात. तिच्यात प्रतिमेच्या फाइलीशेजारी त्याच नावाची जेसन फाइल असते. फक्त एक्स्टेन्शन वेगळं. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूची प्रत्येक स्लाइस नेमकी कोणत्या क्षणी टिपली, हे या जेसनमध्ये नोंदवता येतं. ती मागे राहिली तरी प्रतिमा उघडते, म्हणून चटकन लक्षात येत नाही. पण स्लाइसच्या वेळांची दुरुस्ती करायला बसलात की काम अडतं. तेव्हा कॉपी करताना, नाव बदलताना ही जोडी तोडू नका.