८९ व्या वाढदिवशी नवा अल्बम : बडी गाय यांचे ब्लूज आपण का ऐकावे?

गेल्या वर्षी आलेला ‘सिनर्स’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९३२ च्या मिसिसिपीतली गोष्ट. शेवटी पडद्यावर एक म्हातारा गिटारवादक येतो. तो नट नाही, तो खराखुरा बडी गाय. (नाव ऐकून आपल्याकडे हसू येतं. आमच्या अभ्यासवर्गातही आलं होतं.) त्याच वर्षी ३० जुलैला, म्हणजे आपल्या ८९ व्या वाढदिवशी, त्यांनी नवा अल्बम काढला : ‘एन्ट डन विथ द ब्लूज’. मराठीत सांगायचं तर, ब्लूजचं आणि माझं अजून संपलेलं नाही.

अल्बममध्ये १८ गाणी आहेत. पण आधी हा माणूस कुठून आला ते बघू, कारण गाण्यांचा अर्थ तिथून लागतो.

जॉर्ज ‘बडी’ गाय यांचा जन्म १९३६ चा, लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवायचे. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. बियाणं, अवजारं, किराणा सगळं मालकाकडून उधार. हंगामाच्या शेवटी हिशोबाची वही मालकाच्या हातात आणि पीक निम्मं त्याचं. ज्यांनी मराठवाड्यात सालगड्याची उचल पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोरगं लहानपणी कापूस वेचायचं आणि खिडकीच्या जाळीची तार काढून, ती ताणून वाजवायचं. तेच त्याचं पहिलं वाद्य. पुढे बॅटन रूजच्या विद्यापीठात त्याने देखभालीची कामं केली आणि १९५७ च्या सप्टेंबरात शिकागो गाठलं. तिथे उपासमारीची वेळ आली असताना मडी वॉटर्स या थोर गायकाने त्याला सलामीचं सँडविच खाऊ घातलं, ही आठवण ते आजही सांगतात.

आता ब्लूज म्हणजे काय? साचा सोपा आहे. चार-चार ठोक्यांचे बारा खंड, म्हणजे ४८ ठोके. त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. प्रत्येक ओळ अर्ध्या जागेत संपते. उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. गाणारा विचारतो, तार बोलते. आपल्या गायन पार्टीत मुख्य गायकाला कोरस झेल देतो, तसंच. शेतात राबताना एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, या रीतीतून हे आलं. शिवाय काही सूर मुद्दाम जरा खाली, दोन पट्ट्यांच्या मधे ठेवलेले असतात. बडी गाय तार बोटाने ओढून तो मधला सूर काढतात. कानाला जी कळ लागते, ती त्या जागेची.

एक फरक मात्र लक्षात घ्या. भीमगीत शत्रूचं नाव घेतं, मनुस्मृतीचं नाव घेतं. जुनं ब्लूज सहसा घेत नाही. दक्षिणेत गोऱ्या मालकाविरुद्ध उघड गाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून मालकाचा राग प्रेयसीच्या तक्रारीत लपवला गेला, ट्रेनने निघून जाण्याच्या इच्छेत लपवला गेला. आपल्या शाहिरांच्या पाठीशी बाबासाहेबांची चळवळ होती. त्या खेड्यांत तेव्हा तसं काही नव्हतं. अपवाद होते. नव्या अल्बममध्ये ‘टॉक टू युअर डॉटर’ हे गाणं आहे, मूळ जे. बी. लेनॉरचं. वरवर हलकंफुलकं गाणं. पण याच लेनॉरने १९६५ मध्ये ‘अलबामा ब्लूज’ काढून वर्णद्वेषावर थेट बोट ठेवलं होतं. बडी गाय यांनी या अल्बममध्ये जॉन ली हूकर आणि लाइटनिन हॉपकिन्स यांनाही एकेक तुकडा वाहिला आहे. ही गुरुपरंपराच आहे म्हणा. आणि दुसऱ्या टोकाला १९९९ मध्ये जन्मलेला, मिसिसिपीतल्याच क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्राम सोबत वाजवतो. माझ्या मते अल्बममधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. पाहुण्यांतले नामवंत गोरे रॉक कलाकार मला तितके आवश्यक वाटले नाहीत.

कारण हिशोब तिथेच चुकलेला आहे. साठच्या दशकात शिकागोच्या चेस कंपनीला बडी गाय यांची कर्कश, मोठ्या आवाजाची गिटार रेकॉर्डवर नको होती. ते दुसऱ्यांच्या मागे वाजवायचे आणि पोटासाठी टोइंगचा ट्रक चालवायचे. तोच आवाज त्यांच्यापासून शिकलेल्या इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी विकला आणि ते जगप्रसिद्ध झाले. एरिक क्लॅप्टनने हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं, तेवढं त्याचं श्रेय. बडी गाय यांना मोठं यश मिळालं १९९१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. गीतकार विली डिक्सनला तर लेड झेपलिनविरुद्ध १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. दोन वर्षांनी तडजोड झाली. डिक्सनने उभी केलेली संस्था कलाकारांना त्यांच्या गाण्यांचे हक्क समजावून देते, आणि तिचं घर आहे चेस कंपनीच्या जुन्या इमारतीत.

जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनीही गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक नेमका मांडला होता. पण नातं जुनं आहे. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली. बडी गाय स्वतः २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेले. तिकीट घेऊन आलेल्यांत आपल्या वस्त्यांमधले किती होते, हा प्रश्न वेगळा.

आमच्या वस्तीत एक जुने गायक आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे. कॅसेटच्या काळात त्यांची चार गाणी कुणीतरी एकरकमी पैसे देऊन रेकॉर्ड केली. कागद कुठलाच नाही. आज १४ एप्रिलला डीजेवर त्यांचीच चाल वाजते आणि ते ओट्यावर बसून ऐकतात. हा अल्बम ऐकल्यावर मी दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी गाण्यांची वही काढली, वाळवी लागलेली. आम्ही पानांचे फोटो घेतो, ते चाल गाऊन दाखवतात, मुलं मोबाइलवर रेकॉर्ड करतात, आणि गीत कुणाचं, चाल कुणाची, साल कोणतं, ते शेजारी लिहितात. चाळीस पानं झाली आहेत. पुढच्या रविवारी पेटी दुरुस्त करून आणायची आहे, तिचे दोन सूर बोलत नाहीत.