नियम बाहेर, प्रोग्राम आत

2020च्या खरिपात बीड जिल्ह्याचा पीक विमा उतरवायला विमा कंपन्या पुढे येईनात. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीने जबाबदारी घेतली, पण वेगळ्या अटींवर. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली, तर वरचा भार राज्य सरकारचा. भरपाई कमी द्यावी लागली, तर कंपनीने हप्त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून बाकीची सरकारला परत करायची. हाच ‘बीड पॅटर्न’ 2022मध्ये राज्यभर गेला. 2023मध्ये शेतकऱ्याचा हप्ता 1 रुपया झाला. 2025च्या खरिपात ती सवलत संपून तो पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्के, नगदी पिकांसाठी 5 टक्क्यांपर्यंत गेला.

मधल्या काळात शेजारचे उस्मानाबाद धाराशिव झाले, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगर अहिल्यानगर.

आता या पीक विम्याचे अर्ज भरून घेणारे एखादे वेब अ‍ॅप्लिकेशन डोळ्यांसमोर आणा. हप्त्याचे दर, शेवटची तारीख, जिल्ह्यांची नावे हे सगळे प्रोग्रामच्या ओळींमध्येच लिहिले असेल, तर प्रत्येक शासन निर्णयानंतर कोड उघडा, बदला, पुन्हा तपासा, पुन्हा चढवा. घाईत एक जागा सुटली, तरी चुकीचा हप्ता कापला जातो.

म्हणून बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्रामबाहेर ठेवतात: वेगळ्या फाइलमध्ये, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये किंवा डेटाबेसमध्ये. हेरोकू कंपनीतल्या अभियंत्यांनी 2011च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या नियमावलीत कॉन्फिगरेशन, म्हणजे अशी बदलणारी मूल्ये, कोडपासून वेगळे ठेवण्याचा स्वतंत्र नियमच आहे. पासवर्डबाबत तर तो फारच महत्त्वाचा. 2016मध्ये उबरच्या कोडसाठ्यात हल्लेखोरांना क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली.

बाहेर ठेवणे हे अर्धेच काम. खरी मेख क्रमात आहे. अ‍ॅप्लिकेशनने आधी कॉन्फिगरेशन वाचायचे, प्रत्येक मूल्य जागेवर आणि योग्य प्रकारचे आहे का ते तपासायचे, मग डेटाबेसला जोडायचे आणि त्यानंतरच पहिला अर्ज स्वीकारायचा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागालाही हेच लागू. तिथे कॉन्फिगरेशनची फाइल नेटवरून येते, कोड मात्र तिची वाट न पाहता पुढे पळू शकतो. त्यामुळे फाइल हाती येईपर्यंत पडद्यावर काही न दाखवण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते; अँग्युलरसारख्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) तशी सोय तयारच मिळते.

आणि फाइल मिळालीच नाही तर? अनेक प्रोग्रामर अशा वेळी जुना ठरीव दर वापरून गाडी पुढे ढकलतात. हे धोक्याचे आहे. बंद पडलेले अ‍ॅप्लिकेशन लगेच लक्षात येते आणि तासाभरात दुरुस्त होऊ शकते. चुकीच्या दराने घेतलेले हजारो अर्ज निस्तरायला महिने जातात, आणि तोवर बीडमधल्या गेवराई-माजलगावचा शेतकरी हेलपाटे घालत राहतो.

सरकारी कामासाठी सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या विभागांनी निविदेतच ही अट घालावी: दर, तारखा आणि नावे कोडबाहेर असतील, आणि ती पूर्ण वाचल्याशिवाय अ‍ॅप्लिकेशन सुरू होणार नाही.