हौसेला मोल असतं!

जुनी स्पोर्ट्स कार रोज वापरता येते का? येते. फक्त गाडीच्या आधी तिची फाईल वाचायला शिका. वीस वर्षं जुन्या टर्बोबरोबर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड वर्ष काढल्यानंतरचा हा रोखठोक हिशेब...

हौसेला मोल नसतं असं ज्यानं कुणी म्हटलंय, त्यानं सेकंडहँड टर्बो गाडी कधीच घेतलेली नसणार. हौसेला मोल असतं. वर लेबर चार्ज असतो, जीएसटी असतो आणि ‘मॅडम, पार्ट मागवायला लागेल’ हे पेटंट वाक्यही असतं. एवढं सगळं माहीत असूनही लोक घेतातच. मीही घेतली.

कारण सोप्पं आहे. शाळेत असताना ज्या गाड्यांचे फोटो आपण वहीच्या कव्हरला चिकटवायचो, त्या आता आपल्या बजेटमध्ये आल्या आहेत. नव्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्या पैशांतही त्यातली एखादी दारात उभी राहू शकते. मग मन म्हणतं, चल ना!

आता ‘स्पोर्ट्स कार’ म्हटल्यावर शुद्धतावादी मंडळी भुवया उंचावतील. त्यांच्या लेखी दोन दारं, दोन सीट्स आणि जमिनीला टेकलेलं नाक, एवढीच व्याख्या. अशी गाडी आपल्याकडेही बनली होती. गोव्यात तयार झालेली, फायबरग्लास बॉडीची सॅन स्टॉर्म आठवतेय? पण ती रस्त्यावर दिसायची क्वचितच. आपल्या पिढीसाठी खरी स्पोर्ट्स कार म्हणजे घरच्या गाडीच्या वेषातली वेगवान गाडी. १०० बीएचपीची फियाट पॅलिओ १.६, १०६ बीएचपीची पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक, आणि २००४ मध्ये आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० बीएचपी, पाच गिअर. पुन्हा ऑक्टाव्हिया म्हणजे आपल्याच मातीतली. तिची जुळणी व्हायची ती औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर), शेंद्र्याच्या कारखान्यात.

मी हीच निवडली. चार दारं, मागे ५२८ लिटरची डिकी. आई-बाबा, त्यांच्या बॅगा आणि गावाहून येणारं तांदळाचं पोतं, सगळं बसतं. आणि पाय जरा दाबला की तीच गाडी वेगळ्याच मूडमध्ये जाते.

बाबांचा मात्र एकच प्रश्न होता, ‘रस्त्यात बंद पडली तर?’ प्रश्न रास्त होता. एवढ्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे पैसे रोख, आणि ते माझी दोन वर्षांची बचत. मी फ्रीलान्सर. महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात आपोआप काही पडत नाही. सकाळी बाणेरला मुलाखत, दुपारी कॅम्पात शूट, संध्याकाळी कात्रजला इव्हेंट असा माझा दिवस. गाडी बंद म्हणजे कामाला खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे नाहीत. मला शोकेसमधली बाहुली नको होती. रोज सकाळी निमूट सुरू होणारी गाडी हवी होती.

चकाकणारी आणि खोकणारी

पहिली गाडी बघितली ती पिंपरीत. दिसायला एकदम कडक! ताजा रंग, काळे अलॉय, भोंग्यासारखा सायलेन्सर. मी पोचले तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली,’ एजंट हसत म्हणाला. इथेच माझे कान टवकारले. जुन्या टर्बोची सगळी दुखणी सकाळच्या पहिल्या स्टार्टला बाहेर येतात. निळसर धूर, टकटक आवाज, हेलकावणारं आयडलिंग. गरम इंजिन यातलं बरंच काही लपवतं.

मग मी सर्व्हिसची बिलं मागितली. ‘आपलाच माणूस करतो हो सगळं, बिलं कशाला?’ टायमिंग बेल्ट कधी बदलला? ‘बदललाय की!’ कधी? किती किलोमीटरला? उत्तर नाही. शिवाय इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून पॉवर वाढवल्याचं त्यानं कौतुकानं सांगितलं. मी थँक यू म्हटलं आणि रिक्षा पकडली.

दुसरी गाडी कोथरूडमधल्या एका निवृत्त इंजिनीअर काकांची. बॉनेटवरची लॅकर उडालेली, मागच्या बंपरला पोचा, सीटचं कापड थोडं विटलेलं. मात्र चहाच्या कपाबरोबर त्यांनी एक जाडजूड फाईल समोर ठेवली. प्रत्येक ऑइल चेंज, त्याची तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल वापरलं, सगळं. टायमिंग बेल्ट दोनदा बदललेला, दोन्ही वेळा वॉटर पंपासकट. फाईलच्या शेवटच्या पानावर काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली यादी होती, ‘अजून करायची कामं’. विकणारा माणूस दोष लिहून देतोय! मी त्यांना विचारलं, ‘काका, विकताय का?’ ते म्हणाले, ‘गुडघा. क्लच दाबवत नाही आता.’

माझा फंडा तिथेच क्लिअर झाला. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आपण लोखंड विकत घेत नाही. आधीच्या मालकानं वीस वर्षं केलेली देखभाल विकत घेतो. रंग कधीही मारता येतो. चुकवलेले ऑइल चेंज मागे जाऊन करता येत नाहीत.

तीन भागांचं गणित

आता पैशांचं बोलू. गाडीसाठी काढून ठेवलेल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी बसवा. तिसरा भाग पहिल्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा. पूर्ण बजेट खरेदीतच उडवलं, तर पहिल्या मोठ्या कामाला गाडी पार्किंगमध्ये जी बसते ती बसतेच.

हा तिसरा भाग जातो कुठे? सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप. फाईलमध्ये पुरावा नसेल तर पहिल्याच आठवड्यात. या इंजिनात बेल्ट तुटला की वर-खाली धावणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. आणि व्हॉल्व्ह आहेत वीस! नंतरचं बिल ऐकायला शेजारी कुणीतरी हात धरायला हवं.

दुसरं, ऑइल. टर्बो प्रचंड तापतो. ऑइल स्वस्तातलं असेल किंवा वेळेत बदललं नसेल, तर ते करपून त्याचा गाळ होतो, तळाशी पंपाच्या जाळीत अडकतो आणि टर्बो उपाशी राहतो. म्हणून चांगलं सिंथेटिक ऑइल, तेही ठरलेल्या मुदतीआधीच बदललेलं बरं. जोरात पळवून आलात तर किल्ली फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवा. तेवढ्यात एखादा एसएमएस वाचून होतो!

तिसरं, रबर. वीस वर्षांत रबर कडक होतं, तडकतं. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोचे होज, सस्पेन्शनचे बुश. एकेक पार्ट किरकोळ, सगळे मिळून खिशाला भोक. आणि चौथं, इग्निशन कॉइल. या पिढीच्या १.८ टर्बो इंजिनांचं हे जगभर माहीत असलेलं दुखणं. एक जादा कॉइल ग्लव्ह बॉक्समध्ये पडलेली बरी.

हे सगळं कोण करणार? गाडी ठरवण्याआधी मेकॅनिक ठरवा. मी महिनाभर आधी या गाड्यांवर काम करणारा उस्ताद शोधला, आणि त्यालाच बरोबर नेऊन काकांची गाडी दाखवली. त्याच्या लॅपटॉपवर अर्ध्या तासात गाडीची कुंडली निघाली. पार्ट्सचंही तसंच. काही नवे मिळतात, काही मागवावे लागतात, तर दाराचा हँडल किंवा टेललाइट अशा वस्तूंसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारावी लागते. उस्तादला तिथली दुकानं पाठ असतात. आपल्याला उस्ताद पाठ असला की पुरे.

सोमवार ते शुक्रवार

खरी परीक्षा वीकेंडला ताम्हिणी घाटात नाही, तर सोमवारी सकाळी साडेनऊला युनिव्हर्सिटी चौकात होते. क्लच जड आहे. गाडी बुटकी आहे, त्यामुळे सोसायटीसोसायटीचे स्पीडब्रेकर मला आता नावानिशी माहीत झालेत. तिरकं जायचं, हळू जायचं. शहरात लिटरला आठ-नऊ किलोमीटर मिळतात आणि पुण्यात पेट्रोल २०२१ पासून शंभरीच्या वरच आहे. हा खर्च परवडत नसेल तर पुढचं वाचूच नका!

पेट्रोलची आणखी एक गंमत. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. २००४ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील्सना त्रास देतं, अ‍ॅव्हरेज थोडं खातं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून इंधनाच्या नळ्या तपासून घ्या आणि अर्धी टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी करू नका. रोज चालणाऱ्या जुन्या गाडीचा इथे फायदाच होतो. टाकीतलं पेट्रोल ताजं राहतं, बॅटरी चार्ज राहते, सील सुकत नाहीत.

पावसाळ्याआधी एक काम मात्र घरच्या घरी करायचं. काचेखालच्या पन्हाळीत झाडाची पानं साठतात आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी आत येतं. जूनच्या आधी पानं काढा. पाच मिनिटांचं काम, फुकट.

बाबांचा प्रश्न एकदा खराही झाला. सिंहगड रोडवर अचानक फुस्स आवाज आला आणि गाडीची ताकद गेली. आधी कधीतरी बसवलेला एक बिनकंपनीचा टर्बो होज फाटला होता. पण टर्बोशिवायही इंजिन चालत होतं. चाळीसच्या स्पीडनं, धापा टाकत, मी मुलाखतीला पोचले. दहा मिनिटं उशिरा. उस्तादनं सांगून ठेवल्यामुळे नवा होज डिकीत होताच. संध्याकाळी त्यानंच येऊन लावला. बाबांना फोन करून सांगितलं, ‘बंद पडली नाही. दमली होती.’

कागदांचा घाट

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे फिटनेस तपासून एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण. २०२२ मध्ये त्याची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० रुपयांवर गेली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे नूतनीकरण झालंय का आणि कधीपर्यंत, हे आरसीवर बघूनच भाव करा.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली होती. पुढे नियम बदलत गेले. पण तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा धरल्या तर स्वस्ताई हवेत विरते. मी एमएच पासिंगवरच थांबले.

इन्शुरन्समध्येही खाचाखोचा आहेत. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२च्या दरांनुसार वर्षाला ७,८९७ रुपये. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. आणि इंजिनात किंवा रचनेत केलेले बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील, तर क्लेमच्या वेळी वांधा होऊ शकतो.

मग घ्यायची का?

घरात दुसरं वाहन आहे? उस्ताद सापडलाय? तिसरा भाग बँकेत आहे? तिन्हीला ‘हो’ असेल तर बिनधास्त घ्या. एकालाही ‘नाही’ असेल तर वर्षभर थांबा, गाड्या पळून जात नाहीत. माझ्याकडे दुसरं वाहन म्हणजे आईची अ‍ॅक्टिव्हा. सर्व्हिसिंगच्या दिवशी तीच कामाला येते.

दीड वर्षात मी या गाडीवर नव्या हॅचबॅकच्या हप्त्यांपेक्षा जास्त खर्च केलेला नाही, पण कमीही नाही. पैसे वाचवायला कुणी ही गाडी घेऊ नये. मात्र चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या दिशेनं रस्ता मोकळा होतो, तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो श्वास घेतो आणि शेजारच्या सीटवर बसलेले बाबा हळूच विचारतात, ‘अजून जाते का गं?’

जाते, बाबा!

बघायला जाताना

• सकाळी जा. बॉनेटला हात लावा. इंजिन थंड हवं.
• पहिल्या स्टार्टचा धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय.
• ऑइलचं झाकण उघडा. आत काळा चिकट थर असेल तर नमस्कार.
• टायमिंग बेल्टचं बिल मागा. तोंडी हिशेब चालणार नाही.
• आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा.
• वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं तपासा.
• २०१९च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आहे ना, बघा.
• फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.