आत उघडणारी की बाहेर? शिडाच्या नौकेतील खिडकीचा पेच

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना गज असत, म्हणून त्यांची दारे आत उघडत. पुढे सरकत्या काचा आल्या आणि घरांतून हा प्रश्नच हद्दपार झाला. लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकेवर मात्र तो आजही जिवंत आहे आणि तेथे उत्तर चुकले, तर पडदे भिजण्यावर भागत नाही. नौकेच्या केबिनमध्ये हवा आणि उजेड आणणाऱ्या लहानशा, जाड काचेच्या खिडकीला पोर्टहोल म्हणतात. बाजारात मिळणारी बहुतेक पोर्टहोल आतल्या बाजूस उघडतात. तरीही बाहेर उघडणारीच खिडकी अधिक शहाणपणाची, असे मानणाऱ्यांचा एक वर्ग आहे आणि त्याचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

मराठी वाचकाला अशा नौकांची ओळख आहे ती प्रामुख्याने ‘म्हादेई’मुळे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता पूर्ण केली. तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. अशा प्रवासात नौकेला दोन अगदी भिन्न आयुष्ये जगावी लागतात. एक दक्षिण महासागरातील डोंगरासारख्या लाटांमधले, दुसरे विषुववृत्ताजवळच्या निर्वात उकाड्यातले. पहिल्यात खिडकी भिंतीइतकी घट्ट हवी, दुसऱ्यात ती सताड उघडी हवी. वादाचे मूळ येथे आहे.

लाटेचा हिशेब

बाहेर उघडणाऱ्या खिडकीची बाजू मुख्यतः बलाच्या गणितावर उभी आहे. ३० बाय १५ सेंटिमीटरची काच म्हणजे ४५० चौरस सेंटिमीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारे समुद्राचे पाणी तिच्यावर आदळले, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब पडतो. म्हणजे एका टीचभर खिडकीवर सव्वादोनशे किलोंहून अधिक भार, तोही धक्क्याच्या स्वरूपात. खिडकी बाहेर उघडणारी असेल, तर हा भार काचेला चौकटीवर आणि रबरी पट्टीवर अधिकच दाबून बसवतो. लाट जितकी जोरात, तितकी खिडकी घट्ट. आत उघडणाऱ्या खिडकीत नेमके उलटे घडते. पाणी काचेला रबरापासून दूर ढकलते आणि सारा भार दोन बिजागऱ्या व दोन-तीन आवळपेचांवर येतो. पेच पितळी वा स्टेनलेस स्टीलचे असतील तर ते तग धरतात. उन्हात वर्षानुवर्षे कडक झालेल्या प्लास्टिकच्या पेचांविषयी तशी खात्री देता येत नाही.

येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. लाट ज्या बाजूने येते त्या बाजूच्याच खिडक्या फुटतील, असे साहजिकच वाटते. प्रत्यक्षात मोठी लाट नौकेला उचलून बाजूला फेकते आणि नौका वाऱ्याआडच्या कुशीवर खालच्या पाण्यात आपटते. वेगाने आपटणाऱ्या वस्तूला पाणी फरशीसारखेच लागते. त्यामुळे वादळातील मोडतोड पुष्कळदा या ‘सुरक्षित’ बाजूलाच आढळते. म्हणून एका बाजूच्या खिडक्या मजबूत आणि दुसऱ्या बाजूच्या कशाही, ही काटकसर अंगलट येणारी ठरते.

मग आत उघडणारीच का?

इतके असूनही कारखानदार आत उघडणारी खिडकीच अधिक करतात, त्यामागे व्यवहार आहे. बाहेर उघडलेले तावदान केबिनच्या भिंतीबाहेर डोकावते आणि त्या भिंतीला लागूनच डेकवरची येण्याजाण्याची अरुंद वाट असते. शिडाचा दोर त्यात अडकतो, अंधारात कोणाचा तरी पाय त्यावर पडतो. दोर ताणला गेला की बिजागरी जागीच तुटते आणि ऐन समुद्रात खिडकीऐवजी भोक उरते. आत उघडणारी खिडकी या धोक्यांपासून मुक्त असते आणि झाकायची झाल्यास आतूनच हात घालून क्षणात बंद करता येते.

नौकेच्या मूळ अंगात, म्हणजे डेकच्या खाली असलेल्या खिडकीबाबत तर वादाला जागाच नाही. तेथे बाहेर उघडलेले तावदान धक्क्याच्या खांबाला घासेल किंवा नौका कलली की धावत्या पाण्यात सापडून उखडले जाईल. अशी खिडकी आत उघडणारी असावी किंवा मुळीच उघडणारी नसावी. मोठ्या जहाजांसाठीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा कराराने अशा खिडक्यांना आतून घट्ट बसणारी, बिजागरीची झडप सक्तीची केली ती याच चिंतेपोटी.

अर्थात, उघड्या राहिलेल्या खिडकीला दिशा नसते. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. तिच्या तोफांच्या झडपा वरून टांगलेल्या, बाहेर उघडणाऱ्याच होत्या. पण त्या उघड्या होत्या. वाऱ्याच्या झोताने नौका कलली आणि खालच्या ओळीतून पाणी आत शिरले. आजच्या नौकेवरील वर सांगितलेल्या मापाची खिडकी फूटभर पाण्याखाली गेली, तर दर सेकंदाला साठ-पासष्ट लिटर पाणी आत येते. हातपंपाने उपसण्याची ही गोष्ट नव्हे.

बंदरातील आयुष्य

नांगर टाकल्यावर पारडे पुन्हा फिरते. वरच्या कडेला बिजागरी असलेले, बाहेर उघडणारे तावदान छोट्या छज्जासारखे काम करते. पाऊस पडत असतानाही हवा येत राहते. आत उघडणाऱ्या खिडकीला ही सोय नाही. केबिनची भिंत बहुधा आत झुकलेली असते, त्यामुळे पहिली सर थेट बिछान्यावर येते. शिवाय चौकटीच्या खालच्या ओठात पाणी साचून राहते आणि खिडकी उघडताच उशीवर ओघळते. उघडे तावदान डोक्याला लागते ते वेगळेच. मात्र डासांच्या जाळीचा प्रश्न आला की आत उघडणारी खिडकी सरस. तिची जाळी बाहेरून बसते आणि कायम राहते. बाहेर उघडणाऱ्या खिडकीची जाळी आतून असल्याने प्रत्येक वेळी ती काढूनच तावदानाला हात घालावा लागतो, तेही नेमके डासांच्या वेळी.

सागरी शर्यतींसाठी ‘वर्ल्ड सेलिंग’ने केलेले नियम या वादात मध्यममार्ग काढतात. नौकेच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढे आत उघडणारी झडप चालत नाही. केबिनच्या बाजूच्या भिंतीतील झडपेला आणि ०.०७१ चौरस मीटरपेक्षा लहान खिडकीला मात्र सवलत आहे. हे क्षेत्रफळ म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. लहान काचेवरचा एकूण भार कमी, म्हणून पेच तो पेलू शकतात, हा त्यामागचा साधा विचार.

हाच विचार लांब पल्ल्याच्या प्रवासी नौकेलाही लागू पडतो. नाळेजवळ आणि डेकखाली काच कायमची बंद असणे उत्तम. हवेसाठी वर उघडणारी छताची झडप किंवा १९३० च्या ‘डोरेड’ या शर्यतीच्या नौकेवरून नाव पडलेली, पाणी वेगळे काढणारी हवापेटी पुरते. केबिनच्या बाजूच्या भिंतीत, जेथे दोर फिरतात, तेथे लहान, धातूच्या पेचांची आत उघडणारी खिडकी बरी. मागे, जेथे सुकाणूजवळ मंडळी बसतात, त्या बाजूची भिंत छपराखाली असेल तर बाहेर उघडणारी खिडकी लावण्याची चैन परवडते. उकाड्यात सर्वाधिक उपयोगी पडते ती हीच.

दिशा कोणतीही असो, पाणी अडवते ती रबराची पट्टी आणि तिचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पेच करकचून आवळणारा हात. सतत दाबून धरलेले रबर चपटे होते आणि पुन्हा फुगत नाही. जुने नावाडी त्यासाठी खडूची परीक्षा घेतात. चौकटीच्या कडेला खडू फासायचा, खिडकी नेहमीसारखी बंद करून पुन्हा उघडायची आणि रबरावर उमटलेली रेघ पाहायची. रेघ सलग असेल तर ठीक. जेथे ती तुटली असेल तेथून पाणी येणार. पट्टी बंदरातच बदलून घ्यावी.