एंजिनाचा श्वास आणि हास्यवायु

माझ्या एका स्नेह्यांचे कुटुंब सुरतेस उधन्याच्या बाजूला राहते. मंडळी मूळची खानदेशातली. कापडाच्या धंद्याच्या निमित्ताने दोन पिढ्यांपूर्वी तापीच्या काठाकाठाने खाली उतरलेली. त्यांच्या धाकट्या मुलाला मोटारींचा विलक्षण नाद आहे. अलीकडेच त्याने सहा सिलिंडरांची एक जुनी परदेशी गाडी विकत घेतली. मी भेटीस गेलो तेव्हा त्याने मला विचारले, "काका, या गाडीला नायट्रसचा किट बसवायचा आहे. सुरतेत घरोघरी सीएनजीचा किट बसवतात, तसाच हा. मग बाबा एवढे का रागावतात?" वडील शेजारीच बसले होते, परंतु रागाचे कारण त्यांनाही नेमके सांगता येईना. त्या संध्याकाळी त्या दोघांना जे सांगितले, तेच आज थोड्या विस्ताराने आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीएनजी हे इंधन आहे, ते जळते. नायट्रस ऑक्साईड हे इंधन नव्हेच. ते स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळण्यास मदत करते. दोन्हींच्या टाक्या गाडीच्या मागल्या बाजूस बसतात, दोन्हींना नळ्या आणि झडपा असतात, एवढेच काय ते साम्य. एक चुलीतले लाकूड आहे, तर दुसरी फुंकणी.

आता ही फुंकणी कशासाठी लागते? एंजिनाची शक्ती पेट्रोलावर अवलंबून असते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. पेट्रोल हवे तितके ओतता येईल. परंतु ते जळायला प्राणवायु हवा, आणि तो एंजिनाला श्वासावाटे घ्यावा लागतो. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरते. त्या हवेत वजनाच्या हिशेबाने प्राणवायु जेमतेम २३ टक्के. उरलेला बहुतेक नत्रवायु. सिलिंडराचे आकारमान ठरलेले, म्हणून श्वासही ठरलेला, आणि म्हणून शक्तीही ठरलेली.

नायट्रस ऑक्साईडमध्ये प्राणवायूचे प्रमाण वजनाने सुमारे ३६ टक्के असते. सिलिंडरातील प्रखर उष्णतेत त्याचे रेणू फुटतात, नत्र आणि प्राणवायु वेगळे होतात, आणि त्या फुटण्यातूनही काही उष्णता बाहेर पडते. शिवाय टाकीत हा वायु द्रवरूपाने असतो. साध्या दाबाखाली तो शून्याखाली ८८ अंश सेल्सियसला उकळतो. नळीतून बाहेर पडताच तो वाफ होऊ लागतो आणि भोवतालची हवा थंड करतो. थंड हवा दाट असते. तेवढ्याच जागेत ती अधिक मावते. थोडक्यात, एंजिनाला एकाच श्वासात दीड श्वासाचा प्राणवायु मिळतो. मात्र त्या हिशेबाने जादा पेट्रोलही द्यावे लागते. हे "मात्र" श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ तेथे आहे.

हा वायु काही नवा नाही. जोसेफ प्रीस्टले याने १७७२ मध्ये तो प्रथम तयार केला. पुढे हम्फ्री डेव्ही याने ब्रिस्टल येथे तो स्वतः हुंगून पाहिला. त्याला हास्यवायु हे नाव पडले ते त्याच काळात. १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना वेदना होऊ नयेत म्हणून त्याचा उपयोग केला, आणि आजही शस्त्रक्रियेच्या दालनात त्याची टाकी असते. एंजिनात तो शिरला तो दुसऱ्या महायुद्धात. फार उंचीवर हवा विरळ होते आणि विमानाचा दम कोंडतो. तेथे जर्मन वैमानिकांना या वायूने थोडा वेळ बळ दिले. "थोडा वेळ" हे शब्दही लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

आता प्रत्यक्ष किटाकडे वळू. मागे टाकी; तेथून पुढे येणारी मजबूत नळी; एंजिनाजवळ विजेने उघडणारी झडप; आणि शेवटी अगदी बारीक छिद्राचे तोंड. किती वायु जावा हे त्या छिद्राच्या मापाने ठरते. "कोरड्या" पद्धतीत फक्त वायु सोडतात, आणि जादा पेट्रोल देण्याचे काम गाडीतल्या इंधनयंत्रणेवर सोपवतात. "ओल्या" पद्धतीत वायु आणि पेट्रोल एकाच तोंडातून एकत्र फवारतात. झडप उघडण्यासाठी एक बटण पुरत नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असेल, एंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे ३,००० च्या वर असतील आणि पेट्रोलाचा दाब पुरेसा असेल, तरच विजेचे मंडल पूर्ण व्हावे अशी योजना करावी लागते. एंजिन मंद फिरत असताना वायु सोडला तर तो नळ्यांत साचतो आणि भडका मागे उलटतो.

सहा सिलिंडरांच्या एंजिनाची अडचण आणखी वेगळी. मुंबईजवळ कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ या गाड्या जुळवल्या जात. त्यांची सहा सिलिंडरांची एंजिने ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की सहाही सिलिंडर एका रांगेत उभे. बहुधा १-५-३-६-२-४ या क्रमाने ठिणगी पडते, दर १२० अंशांना एक स्फोट होतो, आणि म्हणून चाल मुलायम. पण रांग लांब असल्यामुळे सर्वांना सारखी वाटणी होणे कठीण. वायु हलका, तो वळणे सहज घेतो. पेट्रोलाचे थेंब जड, ते वळणावर मागे राहतात. मग एखाद्या टोकाच्या सिलिंडराला प्राणवायु भरपूर आणि पेट्रोल अपुरे, अशी स्थिती येते. तेथे आच भयंकर वाढते, ठिणगीची वाट न पाहता मिश्रण ठोके देत पेटते, आणि ॲल्युमिनियमच्या दट्ट्याच्या माथ्याला क्षणार्धात भोक पडते. पाच सिलिंडर धडधाकट असून उपयोग नाही; एका सिलिंडराने सारे एंजिन निकामी होते.

म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र तोंड देतात, ठिणगीची वेळ थोडी मागे ओढतात, अधिक थंड जातीचे प्लग घालतात, आणि मूळच्या दट्ट्यांवर ७५ ते १०० अश्वशक्तींहून जास्त भार टाकत नाहीत. एवढे सगळे करून पदरात काय पडते? सुमारे साडेचार किलो वायूची टाकी १०० अश्वशक्तींच्या मात्रेवर दीड-दोन मिनिटांत रिकामी होते.

आता सुरतेची गोष्ट. या वायूला ३६.४ अंश सेल्सियस ही एक मर्यादा आहे. त्याहून अधिक तापमानात, कितीही दाबला तरी, तो द्रव राहूच शकत नाही. २० अंशांला टाकीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५० पट असतो. ३६ अंशांच्या आसपास तो ७२ पटींवर जातो, आणि पुढे टाकी भरलेली असेल तर झपाट्याने चढतो. सुरतेच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून किती तरी अधिक. परदेशी पुस्तकातले मोजमाप थंड हवेतले. येथे दुपारी छिद्र तेच, पण त्यातून जाणारी मात्रा निराळी. टाकीवर सुरक्षेची चकती असते, ती अतिदाबाने फुटून वायु बाहेर सोडते. परंतु बंद गाडीत तो वायु माणसाचा श्वास गुदमरवील. जोडणीत तेल किंवा ग्रीस राहिले तर तेही पेट घेऊ शकते. २६ जुलै १९०७ नव्हे, अगदी आपल्या काळात, २६ जुलै २००७ रोजी अमेरिकेतील मोहावी येथे अग्निबाणाच्या चाचणीत याच वायूच्या टाकीचा स्फोट होऊन तीन तंत्रज्ञ दगावले. ती माणसे अडाणी नव्हती.

उरला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते. सीएनजीसाठी त्याच कलमात वाट ठेवली आहे: किट मान्यताप्राप्त असावा आणि नोंदणीपुस्तकात त्याची नोंद व्हावी. सीएनजीच्या टाकीची ठराविक मुदतीने दाबचाचणीही होते. नायट्रसला अशी वाट नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिवाय दाबाखालच्या टाक्यांसाठी निराळे नियम आहेत, आणि त्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

एवढे ऐकून तो मुलगा म्हणाला, "म्हणजे काका, ही विद्या शिकूच नये?" मी म्हटले, "शीक, अवश्य शीक. कोइमतूरला, चेन्नईला बंदिस्त शर्यतमार्ग आहेत. तेथे नियम आहेत, अग्निशामक आहेत, जाणते लोक आहेत. पण डुमसच्या रस्त्यावर रविवारी लोक मुलाबाळांसह फिरायला निघतात. तुझ्या दोन मिनिटांच्या वेगात त्यांचा काय वाटा?" मग त्याला विचारले, गाडीचे ब्रेक शेवटचे केव्हा तपासलेस? तो गप्प झाला. वडील मात्र प्रथमच हसले, आणि म्हणाले, "उद्या आपण दोघे मिळून गॅरेजात जाऊ. आधी ब्रेक पाहू, मग तुझे एंजिन मला दाखव."

बापलेकांची ती गाडी सध्या गॅरेजात उघडी पडलेली आहे. सहाही सिलिंडरांचा दाब त्यांनी मोजून घेतला. चौथा थोडा अशक्त निघाला. त्या सिलिंडरावर नायट्रसचा भार पडला असता तर काय झाले असते, हे आता मुलाला कुणी सांगावे लागत नाही.