विनाअनुदानित, पण विनाहिशेब का?

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात. त्याच सुमारास बसस्थानकांसमोर आणि महामार्गाच्या कडेला खाजगी महाविद्यालयांचे फलक उभे राहतात. फलकावर इमारतीचे चित्र असते, संस्थापकांची छबी असते आणि 'शंभर टक्के नोकरी'चे आश्वासन असते. गेल्या वर्षी किती विद्यार्थी अखेरच्या वर्षापर्यंत पोचले, किती उत्तीर्ण झाले आणि किती जणांना कोणत्या पगारावर काम मिळाले, एवढेच तेवढे नसते. केळीच्या किंवा कपाशीच्या पैशातून पहिला हप्ता भरणारा पालक ते विचारीतही नाही, कारण मिळालेले उत्तर पडताळून पाहण्याची सोय त्याच्यापाशी नाही. हाच शेतकरी जिनिंगमध्ये कापूस घेऊन गेला म्हणजे वजनकाट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो!

खानदेशात उच्च शिक्षण उशिराच आले. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. श्रीमंत प्रतापशेठांसारख्या गिरणीमालकाने मिळविलेल्या संपत्तीतील काही भाग विद्येकडे वळवावा, अशी त्या पिढीची रीत होती. पुढे सरकारी अनुदानाने ही महाविद्यालये स्थिरावली. परंतु अभियंता व्हावयाचे तर पुणे, कराड किंवा औरंगाबाद गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्या पहिल्या लाटेत धुळे, जळगावजवळील बांभोरी आणि १९३६ च्या ग्रामीण काँग्रेस अधिवेशनाचे गाव म्हणून ठाऊक असलेले फैजपूर येथे अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली निघाले. मधल्या तेरा वर्षांत या भागातून जे अभियंते घरी राहून शिकले, ते खाजगी संस्थांमुळेच शिकले. तेव्हा या धोरणाने खानदेशाचे काही भले झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि, धोरणाबरोबर देणग्याही आल्या. त्या इतक्या बोकाळल्या की राज्याला १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. त्यानंतरचा इतिहास बव्हंशी न्यायालयांत घडला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने 'मोफत' आणि 'सशुल्क' अशा जागा पाडल्या. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मोडीत काढली आणि शिक्षणसंस्था चालविणे हा व्यवसाय मानता येईल, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही, असा दंडक घातला. त्यातूनच शुल्क ठरविणारी समिती आली, आणि २०१५ च्या कायद्याने तिला शुल्क नियामक प्राधिकरणाचे रूप मिळाले.

कायद्याच्या दृष्टीने पाहता आपल्याकडे नफ्यासाठी चालणारे महाविद्यालय अस्तित्वातच नाही. प्रत्येक संस्था न्यासाच्या किंवा नोंदणीकृत सोसायटीच्या नावाने उभी असते. पण संस्था नफ्याची नाही म्हणजे तिच्यातून कोणाला नफा होत नाही, असे थोडेच आहे? इमारत नातलगांच्या मालकीची असून भाडे संस्थेने भरावयाचे, बांधकामाचा ठेका घरातच द्यावयाचा, हे मार्ग ताळेबंद वाचणाऱ्या कोणालाही अपरिचित नाहीत. शुल्क ठरविण्याची पद्धतही या प्रवृत्तीला अनुकूल आहे. संस्थेने दाखविलेला खर्च विद्यार्थिसंख्येने भागून शुल्क निघत असेल, तर खर्च कमी करण्यात संस्थेचे हित राहत नाही. तो कागदावर वाढविण्यात राहते. प्राध्यापकाला वेतन आयोगाप्रमाणे पगार दाखवावयाचा आणि त्यातील मोठा हिस्सा रोखीने परत घ्यावयाचा, ही तक्रार विनाअनुदानित क्षेत्रात वर्षानुवर्षे ऐकू येते. तक्रार करणारा मात्र लेखी देत नाही, कारण त्याची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हावयाची असते.

आता 'विनाअनुदानित' या शब्दाचाच विचार करू. मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे शुल्क समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभाग भरतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बळांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. आणि २०२४ च्या जुलैपासून आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बळ गटांतील मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचे संपूर्ण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क देण्याचे राज्याने मान्य केले आहे. हे निर्णय योग्यच आहेत. नंदुरबारच्या आदिवासी मुलीला याखेरीज दुसरा आधार नाही. मात्र त्यांचा परिणाम असा की जेथे अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे, त्या महाविद्यालयाच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतूनच येतो. हे अनुदानच आहे. भेद इतकाच की जुन्या अनुदानाबरोबर वेतनपट, नेमणुका आणि लेखापरीक्षा यांचे बंधन येई. हे अनुदान विद्यार्थ्याच्या नावाने येते आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. संस्थाचालक उलट सांगतील की सरकारकडून ही रक्कम वेळेवर येत नाही आणि पगार थकतात. त्यांचे हे म्हणणे खरे आहे. उशिरा पैसे देणाऱ्या सरकारला हिशेब मागण्याचाही संकोच वाटत असावा!

न विचारण्याचे फळ काय असते, ते डी.एड. महाविद्यालयांच्या उदाहरणात पाहावयास मिळाले. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांचे पीक आले. केंद्रीय परिषद मान्यता देत होती आणि राज्य सरकार नको म्हणत होते. अशा २९१ संस्थांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला आणि २०१२ साली आलेल्या त्याच्या अहवालाने या क्षेत्राची दैना उघडी केली. तोपर्यंत २०१० नंतर शिक्षकभरती गोठली होती आणि मे २०१२ मध्ये तिच्यावर बंदीच आली. खानदेशातल्या गावोगावी शेत गहाण टाकून किंवा विकून डी.एड. झालेली मुले-मुली हाती पदविका घेऊन थांबली, आणि पुढे मजुरीला किंवा सुरतेला गेली. किती शिक्षक लागणार हे सरकारला ठाऊक होते, किती जागा भरल्या हे संस्थांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त शुल्क भरणाऱ्याला. संस्था पुढे बंद पडल्या, पण विद्यार्थ्यांना कोणी काही परत केले नाही.

अमेरिकेत नफ्यासाठी चालणारी महाविद्यालये उघडपणे आहेत आणि त्यांचा आधारही सरकारी कर्जांचाच आहे. तेथे २०१४ साली असा नियम केला गेला की पदवीधराच्या कर्जाचा वार्षिक हप्ता त्याच्या कमाईच्या ठरावीक प्रमाणाबाहेर जात असेल, तर तो अभ्यासक्रम सरकारी साहाय्यास अपात्र ठरावा. संस्थांनी विरोध केला. २०१९ साली नियम रद्द झाला आणि २०२३ साली पुन्हा आला. मधल्या काळात, २०१५ मध्ये, कोरिंथियन नावाची मोठी साखळी कोसळली आणि २०२२ साली तिच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज सरकारला माफ करावे लागले. हा बोजा अखेर करदात्यांवर पडला.

आपल्याकडील तपासणीचा भर अजूनही साधनांवर आहे: जमीन किती, ग्रंथालयात पुस्तके किती, प्रयोगशाळेत यंत्रे किती. पुस्तके तपासणीपुरती आणता येतात आणि प्राध्यापकही. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक केली, तेव्हा श्रेणीवर किती विसंबावे हा प्रश्न उघड झाला. विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे मात्र तपासणीपुरते आणता येत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. नोकरी आणि पगार यांवरून महाविद्यालयाचे मोल ठरविले तर पुण्याची महाविद्यालये वर येतील आणि साक्री, धडगाव किंवा यावल भागातील मुलांना शिकविणारी खाली जातील. सिंचनसाहित्य, डाळगिरण्या, थोडे प्लॅस्टिक आणि यंत्रमाग एवढ्यावर उभ्या असलेल्या प्रदेशात पगार कमी असणारच. त्याचा दोष शिकविणाऱ्यांना कसा द्यावा? म्हणून तुलना पुण्याशी नव्हे, तर त्याच तीन जिल्ह्यांतील, त्याच उत्पन्नगटांतील विद्यार्थ्यांमध्ये व्हावयास हवी. अशी तुलना झाली तर एखादे लहान महाविद्यालय झगमगत्या फलकाच्या संस्थेपेक्षा सरस ठरण्याचा संभव आहे.

त्यासाठी नवे खातेही उघडावे लागणार नाही. कोणी कोठे प्रवेश घेतला याची नोंद प्रवेश परीक्षा कक्षाकडे आहे, कोणाचे शुल्क तिजोरीतून भरले याची महाडीबीटीवर आहे, कोण उत्तीर्ण झाला याची जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहे, आणि संघटित क्षेत्रात कामाला लागलेल्यांची भविष्यनिर्वाह निधीकडे आहे. नावे वगळून या नोंदी एकमेकींशी जुळविल्या तर केंद्रीभूत प्रवेशाच्या यादीत जागा आणि शुल्क यांच्या शेजारी आणखी तीन रकाने छापता येतील: शंभरातून किती जणांनी शिक्षण पुरे केले, किती जण दोन वर्षांत कामाला लागले, आणि त्यांच्यापैकी मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती.