हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बँकेत पेन्शनरांची रांग लागायची. माझी निम्मी नोकरी अंबरनाथ-बदलापूरकडच्या शाखांत गेली. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले कामगार, लष्करातून परतलेले जवान, कुणाकुणाच्या विधवा, सगळे हयातीचा दाखला द्यायला यायचे. 'मी जिवंत आहे' असं दरसाल लिहून द्यायचं आणि त्याखाली आम्ही सही करायची.

त्या रांगेत बदलापूरचे एक हवालदार असत. मूळचे माणगावकडचे. नोकरी २ पॅरा (मराठा) पलटणीत, म्हणजे छत्रीधारी सैनिक. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाइलजवळ ही पलटण विमानांतून उतरली, लोहाजंग नदीवरचा पूंगलीचा पूल ताब्यात घेतला आणि पाचच दिवसांनी ढाक्यात शिरली. त्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा होतो, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये खिडक्यांना काळा कागद चिकटवत होतो. त्यामुळे हे कळलं तेव्हा मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि उडीबद्दल विचारलं.

"उडी काय साहेब, दार उघडलं की जायचं," ते म्हणाले. "आमचा यशवंत ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हता. स्वतःला वाचणारा माणूस समजत होतो, त्यामुळे जरा ओशाळलोच.

यशवंत घाडगे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी पळसगाव-आमडोशीला जन्मला. माणगाव तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. त्या भागातल्या अनेक पोरांसारखा तोही फौजेत गेला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची कंपनी चढाई करत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्याच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उभा राहिला तो एकटा. तो तसाच गनवर धावला. बॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले, आणखी एकाला गोळी घातली. आता मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यानं टॉमीगन उलटी धरून दस्त्यानं मारलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. वय बावीस.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ३ मार्च १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते पदक त्याच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या हाती दिलं. यशवंतला ज्ञात कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे तेवढंच. कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे फार टोचलं. जिवंतपणाचा पुरावा आम्ही दरसाल मागतो, आणि ज्याच्या मरणाची खूण म्हणून बायकोच्या हातात एक काशाचं पदक आलं, तिनं नवरा गेला हे मनाला कसं पटवलं असेल?

युद्धानंतर हीच तिसरी पलटण छत्रीधारी झाली आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा २ पॅरा म्हणून तिच्यात गेली. यशवंतनं छत्री कधी बांधली नाही. तरी हवालदारांच्या लेखी तो पलटणीतलाच, आपल्या आधी पुढं गेलेला. टांगाइलच्या विमानात बसताना त्याची आठवण झाली होती का, असं मी विचारलं. "तेव्हा फक्त हुकाकडं लक्ष होतं," ते हसून म्हणाले. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

युद्ध आमच्या भागाला परकं नाही म्हणा. उल्हासनगर वसलं तेच मुळी महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत, फाळणीत उखडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी. नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली. पण या वाटेनं जाताना इटलीत पडलेला माणगावचा पोरगा कुणाला आठवतो?

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं यशवंतच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. बातमी वाचली आणि पहिली आठवण हवालदारांची झाली. ते मात्र तोवर गेले होते. त्या नोव्हेंबरात मीही पेन्शनर म्हणून त्याच रांगेत होतो. पुढं त्यांची पत्नी उभी होती, हातात फॅमिली पेन्शनचा कागद. मी त्यांना घड्याळाचं सांगितलं.

"थडगं सापडलं व्हय?"

"नाही वहिनी. नाव आहे."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली आणि त्या अंगठा द्यायला पुढं झाल्या.